शिरा कशात जाते?

बेबी,

तुझ्या तेरवीच्या दिवशी मी हसलो. अंगणात मांडव होता, आपल्या रायपूरच्या पुरानी बस्तीतला सारा पारा, सारा मोहल्ला, सतरंज्यांवर बसून होता, न मी सगळ्यांसमोर मोठ्यानं हसलो. वंदना धावत आली. "बाबा, क्या हुआ? पाणी आणू?" आपली पोट्टी घाबरली का अर्धं हिंदीत बोलते, तुले माहीतच आहे. मागून कोणी तरी म्हणालं, "दादा को अंदर बैठाओ, सदमा लगा है."

सदमा-बिदमा काही नाही. जेवण बनवाले जो महाराज आणला होता त्यानं सकाळी विचारलं, गोड काय करायचं? मी म्हटलं, "शिरा." तुले आवडे म्हणून नाही, मले आवडते म्हणून. तो माणूस इथलाच, छत्तीसगढी. "हव दादा" म्हणाला न चुलीशी गेला. पंगत बसायची वेळ झाली त कढईभर साखरेचा पाक घेऊन माझ्यापुढं उभा. म्हणे, "दादा, सीरा तो बन गे, अब एमा का डारबो?" म्हणजे शिरा त झाला, आता यात टाकायचं काय?

त्याच्या बोलीत शिरा म्हणजे पाक. मले पाहिजे होता रव्याचा.

इतक्या वर्षांनी तोच शिरा, उलट्या बाजूनं चालत घरी आला. मी हसलो नसतो त काय केलं असतं? न काहून हसलो हे तिथं सांगू कोणाले? सांगण्यासारखं माणूस एकच होतं, न मांडव तिच्याच तेरवीचा होता.

महाराजानं मंग घाईघाईनं रवा भाजून त्याच पाकात टाकला. झाला एकदाचा. थोडा चिकट झाला. तू पानावर तसाच ठेवला असता न वर बोलली असती.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर चार ओळी छापायच्या आहेत. जन्म, माहेर, नोकरी, हे सारं वंदनानं लिहून देलं. मी चौथी शिकलेला माणूस, मले तसं लिहिता येत नाही. मी आपला तुझ्याशी बोलून राहिलो. छापतील त छापतील. वाचणाऱ्याले आपलं काम माहीत नसणार, म्हणून तुले ठाऊक असलेलंही थोडं सांगून राहिलो. चिडू नको.

मी ढलाईच्या कारखान्यात साचे बनवत होतो. धानाच्या गिरणीले ज्या लोखंडी पुल्या लागतात त्यांचे. लाकडी नमुना वाळूत दाबायचा, काढायचा, न जी पोकळी राहिली तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पण नुसती वाळू उभी राहात नाही, ढासळते. तिले धरून ठेवाले त्यात साखर कारखान्यातला उरलेला काळा, घट्ट रस मिसळावा लागते. मराठीत त्याले मळी म्हणतात, हे मले म्हातारपणी समजलं. आमच्या कारखान्यात सारे हिंदी बोलणारे. ते म्हणत शीरा. म्हणून मीही शिराच म्हणे.

तू दहावी पास, मी चौथी. शेठले ऑफिसात लिहिणारं माणूस पाहिजे होतं. मी म्हटलं, आमच्या घरी आहे. तू लागली, न पहिल्याच महिन्यात शेठनं तुझ्यापुढं एक्साइजचं, म्हणजे बनवलेल्या मालावरच्या सरकारी कराचं, काम टाकलं. तेव्हाचा कायदा असा का कारखान्यानं जो कच्चा माल घेतला त्यावर एक्साइज आधीच भरलेली असे. तेवढी आपल्या तयार मालाच्या एक्साइजमधून वजा करून भेटे. पण अगोदर सरकारले घोषणापत्र द्यावं लागे का आमच्या मालात हे जाते, हे जाते, न हे जाते. ज्याचं नाव त्यात नाही, त्याची वजावट नाही. तू हे मले घरी समजावून सांगितलं होतं, पोळीचं उदाहरण देऊन. मी म्हटलं होतं, मले पोळी दे, उदाहरण ठेव.

सुट्टीचा दिवस होता. मी सायकलच्या चेनले तेल देऊन राहिलो होतो. तू पाटावर कागद घेऊन बसली.

"सांगा, पुलीत काय काय जाते?"

"बीड. भंगार. भट्टीत कोक न चुनखडी."

"अन् साच्यात?"

"वाळू, काळी माती, कोळशाची भुकटी, शिरा."

तू पेन थांबवलं. "शिरा?"

"हव, शिरा. त्याच्याशिवाय काही उभं राहात नाही."

तू माझ्याकडं पाहून गालात हसली, कागद घडी करून ठेवला न आत गेली. थोड्या वेळात रवा भाजल्याचा वास आला. बशी समोर ठेवून म्हणाली, "घ्या. भूक लागली त सरळ सांगावं नं, कारखान्याच्या नावावर कायले मागता?"

मले वाटलं, बायको आज खुशीत आहे. मी दोनदा घेऊन खाल्ला. विचारलं नाही काही. आयत्या शिऱ्याले कोणता माणूस विचारते?

घोषणापत्रात शिरा आलाच नाही.

मंग एक्साइजचे साहेब कारखान्यात तपासाले आले. खरेदीच्या पावत्यांत शीऱ्याचे ड्रमच्या ड्रम, न घोषणापत्रात नाव नाही. शेठचा आवाज भट्टीपर्यंत आला. "दीदी! शीरा कहाँ है?"

तू काय म्हणाली माहीत आहे? "शेठजी, वो तो मैंने घर में बना दिया."

मले बोलावणं आलं. मी गेलो तसाच, तोंड काळं, हात काळे. तू उभी होती न तुझा पदर बोटाले गुंडाळून गुंडाळून दोरी झाला होता. नवी नोकरी. वंदनाच्या शाळेची फी तिच्यातूनच जात होती. मले पाहिलं न तू साहेबासमोरच सुरू झाली.

"तुम्हीच म्हणाले होते नं शिरा?"

"म्हटलं होतं."

"मंग हा काळा, ड्रमातला, हे काहून नाही सांगितलं?"

"तू रवा भाजाले घेतला तेव्हा काहून नाही विचारलं?"

"तुम्ही खाऊन राहिले होते! दोनदा!"

शेठले मराठी येत नव्हती. तो कधी तुझ्याकडं पाहे, कधी माझ्याकडं. "ये क्या चल रहा है भाई?" साहेब मात्र आपल्याकडचेच निघाले, वऱ्हाडातले. त्यांनी आधी खिडकीकडं तोंड फिरवलं. मंग चष्मा काढला. मंग डोळे पुसले. इतके हसले का शिपाई दाराशी येऊन उभा राहिला.

हसणं झालं न त्यांनी चष्मा घातला. "वहिनी, मी हसलो म्हणून नियम बदलत नाही. जे लिहिलं नव्हतं त्याची वजावट गेली. आता नवं घोषणापत्र द्या, शीरा लिहून. पुढच्या मालाचं पाहू." मंग माझ्याकडं वळून म्हणाले, "कारागीर तुम्ही आहा, मले सांगा. तयार पुलीत तो शीरा राहाते का?"

मी खरं तेच बोललो. "नाही साहेब. लोखंड ओतलं का सारा जळून जाते. पुलीत एक थेंब नाही."

तू माझ्या पायावर पाय देला, चांगला दाबून. न साहेबाले म्हणाली, "राहात नाही साहेब. पण त्याच्याशिवाय पुली होत नाही."

साहेब म्हणाले, "बस. हेच लिहा."

तेव्हापासून आपलं जे भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. घरी येता येता, सदर बाजारातल्या गर्दीत, सायकलच्या मागच्या सीटवरून तू माझ्या पाठीत बोट टोचत होती. "साहेबासमोर जळून गेला म्हणाले! बायकोची नोकरी जाऊन राहिली न हे म्हणतात, एक थेंब नाही." मी म्हणत होतो, "अवं, नाही त नाही. पुली लोखंडाची आहे. शिऱ्याची नाही." मागून एक स्कूटरवाला ओरडला, "दादा, लड़ना है तो किनारे लड़ो!"

शेठ तुले काढणारच होता. म्हणे कोणी शिकलेला माणूस पाहतो. दुसऱ्या दिवशी तू त्याच्यापुढं उभी राहिली. "शेठजी, अब हर चीज हाथ लगाकर लिखूँगी." न खरंच पदर खोचून आत आली, भट्टीच्या बाजूले, जिथं कोणी बाई येत नव्हती. वाळू चोळून पाहिली. माती हुंगली. कोकचा तुकडा उचलून पाहिला. मंग शीऱ्याच्या ड्रमात बोट घातलं न सरळ तोंडात टाकलं.

सारे लोक काम थांबवून पाहून राहिले.

"अवो," तू मले म्हणाली, "हे त गोड आहे!"

न मंग तुझे डोळे एकदम मोठे झाले. कारण घरी माझ्या शर्टाले नेहमी मुंग्या लागत. खुंटीवर टांगला का थोड्या वेळात भिंतीवरून त्यांची रांग. तू किती दिवस मनात धरून बसली होती का हा माणूस ठेल्यावर एकटाच जिलबी खाऊन येते न घरी पुडी आणत नाही. त्या दिवशी जिलबीचा आळ गेला. तू सगळ्यांसमोर म्हणाली, "मुंग्यांचा पत्ता लागला!" लोकांले वाटलं, दीदीले चक्कर आली.

नव्या घोषणापत्रात तू शीरा लिहिला. पुढच्या मालाची वजावट भेटली. आधीची गेली ती गेली. शेठ थोडे दिवस कुरकुरला, मंग तुले सोडून एक कागद कोणाच्या हाती देत नव्हता.

पण तुले त्या दिवसापासून खोड लागली. कोणतीही वस्तू दिसो, "हे कशात जाते?" कारखान्यात नवं पिंप आलं, हे कशात जाते. ते ठीक. पण वंदनाच्या सासरचे पाहाले आले तेव्हा त्यांनी आणलेल्या सुटकेसकडं पाहूनही तू माझ्या कानात तेच विचारलं. मी शंकर नगरच्या एका दुकानातून तुले हाताले लावायची क्रीम आणली, त्याची बाटली फिरवून फिरवून पाहिली न म्हणाली, "हे कशात जाते?" मी म्हटलं, "तुझ्या हातात जाते, लाव." तू म्हणाली, "मंग हात कशात जातात?" न पीठ मळाले बसली.

मी तेव्हा कपाळाले हात लावला होता. आता घरात कोणी काही विचारत नाही. वंदना चांगली आहे, चहा करते, औषध हाती देते. न मी ती गोळी हातात धरून वाट पाहात बसतो. कशाची वाट, हे त्या बिचारीले कळत नाही.

तुझा तो मुंग्यांचा मुद्दा. तो तू केव्हा काढला, ते आठवते. थंडी होती, तू माझा शर्ट झटकून राहिली होती. झटकता झटकता थांबली न म्हणाली, "तुमचं म्हणणं, शिरा सारा जळून जाते."

"जाते."

"काहीच राहात नाही."

"नाही."

"मंग ह्या कोणाले भेटाले आल्या?"

मी म्हटलं, "ते माझ्या अंगाले लागलेलं आहे. पुलीत नाही."

तू म्हणाली, "मी कुठी पुलीचं विचारलं?"

मी ताट ओढून जेवाले बसलो. भूक लागली होती. पण तू ते जिंकल्यात जमा केलं, न मंग आल्यागेल्याले सांगत सुटली. मीही मागं हटलो नाही. दिवाळीत, लग्नात, रिकाम्या दुपारी, जेव्हा बोलाले काही नसे तेव्हा मी मुद्दाम म्हणे, "जळून गेला." न तू भाजी चिरता चिरता लगेच, "मंग मुंग्या?" वंदना म्हणे, तुम दोनों पागल हो.

राज्य नवं झालं. रायपूर राजधानी झाली. रस्ते रुंद झाले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, शंकर नगरकडं जागेचे भाव ऐकून आपण दोघं तोंडावर हात ठेवत होतो. कायदाही बदलला होता. तू एक दिवस ऑफिसातून आली न पिशवी न ठेवताच खाटेवर बसली. "आता घोषणापत्र द्यावंच लागत नाही म्हणे. मालात काय जाते ते कोणी विचारत नाही. पावती दाखवा, वजावट घ्या."

मी म्हटलं, "चांगलं झालं, कटकट गेली."

तू म्हणाली, "हो. कटकट गेली." पण पिशवी काही तू मांडीवरून उतरवली नाही. मी चहा मांडला. वास्तविक तेव्हा मीच विचाराले पाहिजे होतं का बेबी, काय झालं? मी साखर जास्त टाकली, तेवढंच मले सुचलं. तू पिली न म्हणाली, "शीरा केला तुम्ही."

दवाखान्यातही तू सोडलं नाही. नर्स बाटली लावाले आली त तिले विचारलं, "दीदी, ये किसमें जाता है?" ती पोरगी म्हणाली, "आपके खून में, माताजी." तुले ते उत्तर पटलं. तू मान हलवली, जसं कागदावर लिहून घेतलं. मंग माझ्याकडं वळली. मी स्टुलावर बसून होतो, सकाळपासून तसाच.

"तुम्ही दिवसभर इथं बसून राहता. तुम्ही कशात जाता?"

मी म्हटलं, "मी खर्चात."

तू हसली. खोकला आला तरी हसत होती. मंग माझा हात घेऊन आपल्या पोटावर ठेवला न डोळे मिटले. मले वाटलं, आता तू खरं उत्तर मागशील. तू मागितलं नाही. तुले झोप लागली होती. मी हात काढला नाही, मुंग्या आल्या तरी काढला नाही.

ते उत्तर माझ्यापाशी राहून गेलं, बेबी. मी कशात जातो, हे मले तेव्हाही माहीत होतं. पण आमच्यासारख्या माणसाच्या तोंडातून तसलं निघत नाही. निघालं असतं त तूच म्हणाली असती, काय झालं, ताप आहे का?

मंग घाटावर गेलो. उमरभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस मी. आग किती तापली हे मले तिच्या रंगावरून कळते. त्या दिवशी मी रंग पाहिला नाही. मी खाली पाहून राहिलो. येणारे जाणारे सारे एकच बोलत होते, "गेली बिचारी, गेली." तू असती त त्यांच्या तोंडावर विचारलं असतं, कशात गेली? मलेही तेच विचारावं वाटलं. पण मी विचारलं असतं त लोकांनी मले तिथंच धरून बसवलं असतं.

आता तुले सांगतो, तू कशात गेली याचं उत्तर मी शोधून पाहिलं आहे. मी भाजीत मीठ टाकतो त पहिले चिमूट तळहातावर घेऊन पाहतो, तुझ्यासारखं. मी पहिले तसं करत नव्हतो. वंदना दार ओढून घेते त तुझ्यासारखं कुल्हा लावून ओढते. काल समोरची बाई लोणच्याची बरणी घेऊन आली न म्हणाली, "दादा, दीदी होती तो पहले पूछती, इसमें क्या-क्या गया है." मी म्हटलं, "सांगा, काय काय गेलं?" तिनं सारं सांगितलं. मोहरी, मेथी, हिंग. मी ऐकून घेतलं. समजलं काही नाही. पण ऐकून घेतलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटीवरचा शर्ट काढाले गेलो. पंगतीत घातलेला तोच. जेवल्यावर हात खिशाले पुसायची माझी सवय तू शेवटपर्यंत मोडू शकली नाही. शिरा चिकट झाला होता, सांगितलं नं. भिंतीवरून रांग होती. खिडकीपासून थेट खिशापर्यंत. कारखाना सोडल्यापासून माझ्या शर्टाले मुंगी लागली नव्हती.

वंदना मागून आली. "बाबा, द्या, झटकून देते."

मी म्हटलं, "राहू दे."

"सारे कपडों में लग जाएँगी."

"लागू दे."

ती माझ्याकडं तशीच पाहून राहिली जसा शेठ आपल्या दोघांकडं पाहात होता. मी दुसरा शर्ट घातला. मुंग्यांचा तो तिथंच आहे.

तू म्हणशील, आता तरी कबूल करा. नाही करत. मी कबूल केलं का भांडण संपलं, न एवढं एकच तुझं माझ्यापाशी अर्धं राहिलं आहे. मी अजूनही म्हणतो, जळून गेला. सारा. एक थेंब नाही.

बोल आता.